ल्येइदाचे दोन राखणदार

स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, कातालोनियाच्या ल्येइदा प्रांतात, ला पोब्ला दे सेगुर नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम तीन हजारांची. गावाजवळून नोगेरा पल्यारेसा नदी वाहते. एके काळी डोंगरातले पाइनचे ओंडके एकमेकांना बांधून, त्यांचे तराफे करून या नदीत सोडत. तराफ्यावर उभं राहून ते खालच्या गावांपर्यंत सांभाळून नेणाऱ्या माणसांना कातालान भाषेत ‘रायेर’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात खाली तालार्नजवळ विजेसाठी धरण बांधलं गेलं, नदी अडली आणि हा धंदा हळूहळू बुडाला. आता जुलैच्या पहिल्या रविवारी गावकरी पुन्हा तराफे बांधतात, जुन्या वेशात नदीत उतरतात. तराफ्यांची ही परंपरा २०२२ साली युनेस्कोच्या यादीत गेली. ल्येइदाहून निघणारी रेल्वे १९५१ साली या गावापर्यंत पोचली आणि इथंच थांबली. पर्वत ओलांडून फ्रान्सात जायचा तिचा बेत कागदावरच राहिला.

या शेवटच्या स्टेशनाच्या गावात १३ एप्रिल १९७८ रोजी कार्लेस पुयोलचा जन्म झाला.

त्याच्या दहा आठवडे आधी, ३ फेब्रुवारीला, याच ल्येइदा प्रांतात पण दक्षिणेच्या सपाटीवर, तारेगा गावी जोआन काप्देविला जन्मला. डोंगराशी तारेगाचा संबंध नाही. एकोणिसाव्या शतकात खोदलेल्या उर्खेल कालव्यानं भिजणारा हा मुलूख आहे. सप्टेंबरात तिथं रस्त्यावरच्या नाटकांची मोठी जत्रा भरते. दोन्ही मुलं फुटबॉलपटू झाली, दोघंही बचावपटू झाले आणि स्पेननं इतिहासातला पहिला विश्वचषक जिंकला त्या रात्री दोघं एकाच बचावफळीत शेजारी शेजारी उभे होते. पुयोलचं नाव जगाला ठाऊक आहे. काप्देविलाचं नाव विचारलं तर फुटबॉलचे जाणकारही क्षणभर थांबतात. आणि आपल्या देशाच्या मातीत येऊन खेळला तो मात्र काप्देविलाच.

बचावपटूचा इतिहास लिहिणं अवघड असतं. आघाडीपटूच्या खात्यावर गोल जमा होतात, बचावपटूचं काम न झालेल्या गोलांचं. कबड्डीत कोपरारक्षकानं चढाईवाल्याचा पाय धरला तर निदान गुण मिळतो, टाळी मिळते. फुटबॉलमध्ये डाव्या बाजूच्या बचावपटूनं नव्वद मिनिटं समोरच्या चपळ विंगरला आत वळू दिलं नाही, तर गुणफलकावर त्याची काहीच खूण उमटत नाही. या दोघांची कारकीर्द समजून घ्यायची तर आधी एका आकड्यापाशी थांबायला हवं.

२००८ च्या युरो स्पर्धेत आणि २०१० च्या विश्वचषकात मिळून स्पेननं सात बाद फेरीचे सामने खेळले. इटली, रशिया आणि जर्मनी; मग पोर्तुगाल, पॅराग्वे, पुन्हा जर्मनी आणि नेदरलँड्स. अतिरिक्त वेळ धरून एकूण ६९० मिनिटं. या ६९० मिनिटांत स्पेनवर एकही गोल झाला नाही. सातही सामन्यांत सुरुवातीच्या अकरांत पुयोल आणि काप्देविला होते. पॅराग्वेविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांसाठी पुयोल बाहेर गेला, तेवढाच काय तो खंड. त्या काळाच्या स्पेनबद्दल बोलताना सगळे छोट्या छोट्या पासांबद्दल, शावी आणि इनिएस्ताबद्दल बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या विश्वचषकात स्पेननं सात सामन्यांत मिळून फक्त आठ गोल केले होते. जगज्जेत्या संघानं इतके कमी गोल तोवर कधीच केले नव्हते. बाद फेरीतले चारही सामने १-० असेच सुटले. एका गोलावर विश्वचषक जिंकायचा असेल तर मागे कोण उभं आहे याला केवढं मोल येतं!

पुयोल लहानपणी गोलरक्षक होता. खांदा दुखायला लागला म्हणून ते सोडून पुढे खेळू लागला. १९९५ साली, सतराव्या वर्षी, तो बार्सिलोना क्लबच्या ‘ला मासिया’त दाखल झाला. ‘मासिया’ म्हणजे कातालोनियातला शेतवाडा. १७०२ साली बांधलेला हा दगडी वाडा क्लबच्या मैदानाशेजारीच होता आणि १९७९ पासून बाहेरगावच्या होतकरू मुलांची तिथं राहायची सोय केलेली होती. तिथं यायला सतरा हे वय उशिराचंच. त्या शाळेतली मुलं दहा-बारा वर्षांची असल्यापासून चेंडू पायाशी खेळवत वाढतात. पुयोलकडे ती सफाई नव्हती. त्याला आधी मधल्या फळीत बचावात्मक जागी खेळवलं, मग उजवीकडे मागे नेलं, आणि पुढे तो बचावफळीच्या मध्यभागी स्थिरावला. म्हणजे गोलजाळ्यापासून निघून मैदानभर फिरून तो पुन्हा गोलजाळ्याजवळ आला.

१९९८ साली मालागा क्लबला त्याला विकायचं बार्सिलोनानं ठरवत आणलं होतं. पुयोलनं नकार दिला. त्याच सुमारास त्याचा मित्र शावी पहिल्या संघातून खेळू लागला होता. तो पोचू शकतो तर आपणही पोचू, असं त्याच्या मनानं घेतलं. वीस वर्षांच्या, दुय्यम संघातल्या मुलानं असं अडून बसणं सोपं नव्हे. वर्षभरानं, २ ऑक्टोबर १९९९ रोजी, प्रशिक्षक लुई फान खाल यांनी त्याला वायादोलिदविरुद्ध पहिल्यांदा मैदानात उतरवलं. खांद्यापर्यंत रुळणाऱ्या कुरळ्या केसांमुळे त्याला लवकरच ‘टारझन’ म्हणू लागले.

पुढची पाच वर्षं बार्सिलोनासाठी दुष्काळाची होती, आणि पुयोलच्या गोष्टीतला हा भाग बहुतेक लोक विसरतात. क्लबनं शंभरी साजरी करताना १९९९ साली लीग जिंकली होती. त्यानंतर २००५ पर्यंत एकही मोठी ट्रॉफी नाही. अध्यक्ष बदलले, प्रशिक्षक एकामागून एक गेले: फान खाल, सेरा फेरेर, रेशाक, पुन्हा फान खाल, आन्तिच. २००० च्या उन्हाळ्यात क्लबचा लाडका लुईस फिगो त्या वेळच्या विक्रमी रकमेला थेट रेआल माद्रिदकडे गेला. २१ ऑक्टोबर २००० रोजी तो माद्रिदच्या पांढऱ्या जर्सीत काम्प नोऊवर परतला तेव्हा स्टेडियम पेटलं होतं. सेरा फेरेर यांनी बावीस वर्षांच्या पुयोलला एकच काम सांगितलं: फिगोला सोडायचं नाही. पुयोल त्याच्या सावलीसारखा फिरला. फिगोला त्या रात्री काहीच सुचलं नाही आणि बार्सिलोनानं २-० असा सामना जिंकला. पुयोल खऱ्या अर्थानं बार्सिलोनाचा झाला तो त्या रात्री.

दोन वर्षांनी चॅम्पियन्स लीगमध्ये लोकोमोतिव मॉस्कोविरुद्ध गोलरक्षक बोनानो चकला होता, गोल मोकळा होता, आणि समोरून फटका आला. पुयोलनं हात मागे ठेवून तो छातीवर घेतला, नेमका क्लबच्या चिन्हावर. तो सामना फार मोठा नव्हता. तरी काम्प नोऊवरच्या जुन्या प्रेक्षकांच्या आठवणीत तो क्षण एखाद्या गोलासारखा ठसला आहे, कारण तेव्हा त्यांच्याकडे आठवणीत ठेवण्यासारखं दुसरं फारसं काही नव्हतं.

त्याच वर्षांत काप्देविला काय करत होता? त्याची सुरुवात बार्सिलोना शहरातल्या दुसऱ्या क्लबातून, एस्पान्योलमधून झाली. १९९९ साली तो आत्लेतिको माद्रिदला गेला, आणि पहिल्याच हंगामात तो क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला. क्लबचा कारभार कोर्टानं नेमलेल्या प्रशासकाच्या हाती गेला होता. त्याच मोसमात आत्लेतिको राजाच्या चषकाच्या अंतिम सामन्यात हरला, तोही काप्देविलाच्या जुन्या एस्पान्योलकडून. तिथून तो स्पेनच्या वायव्य टोकाला, अटलांटिकच्या वाऱ्यात, ला कोरुन्याच्या देपोर्तिवो क्लबात गेला आणि सात वर्षं राहिला. २००७ साली वियारेआलमध्ये. पन्नासेक हजार वस्तीच्या त्या गावाच्या क्लबनं पुढच्याच मोसमात लीगमध्ये दुसरा क्रमांक पटकावला. यातलं काहीही पुयोलच्या गोष्टीसारखं चटकन सांगता येत नाही. काप्देविला डाव्या बाजूला धावत राहिला, बदलीवर जाणाऱ्या पोस्टमास्तरासारखा गाव बदलत राहिला, आणि प्रत्येक ठिकाणी भरवशाचा ठरला.

दोघं स्पेनसाठी एकत्र आले ते सिडनीत, २००० च्या ऑलिंपिकला. ३० सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात कॅमेरूनविरुद्ध स्पेननं मध्यंतरापर्यंत २-० आघाडी घेतली होती. ती गेली. शेवटी स्पेनचे नऊच खेळाडू मैदानावर उरले आणि पेनल्टींवर सुवर्णपदक हुकलं. कॅमेरूनचा दुसरा गोल करणारा सामुएल एतो चार वर्षांनी बार्सिलोनात पुयोलचा सहकारी झाला.

२००४ च्या ऑगस्टमध्ये लुईस एन्रिके निवृत्त झाल्यावर पुयोलच्या दंडावर कर्णधाराची पट्टी आली. बार्सिलोनाची ही पट्टी साधी नसते. पिवळ्या पार्श्वभूमीवर चार लाल पट्टे, म्हणजे कातालोनियाचा झेंडा, ‘सेन्येरा’. फ्रँकोच्या राजवटीत कातालान चिन्हांवर बंदी होती. १९४१ साली क्लबचं नाव स्पॅनिश पद्धतीनं बदलायला लावलं आणि चिन्हातले चार पट्टे काढून दोनच ठेवले होते. चार पट्टे परत आले ते १९४९ साली. फ्रँकोच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, १९७६ साली, योहान क्रायफनं ही सेन्येरा दंडावर बांधून खेळायला सुरुवात केली. हा मागचा इतिहास माहीत असला की २ मे २००९ चं ते दृश्य नीट समजतं. माद्रिदच्या बेर्नाबेऊवर रेआलनं पहिला गोल केला होता, बार्सिलोनाच्या ऑन्रीनं बरोबरी साधली होती. दोनच मिनिटांनी शावीची फ्री किक आली, पुयोल उंच उडाला आणि हेडरनं गोल झाला. मग धावत जाऊन त्यानं दंडावरची पट्टी काढली आणि माद्रिदच्या लोकांसमोर तिचं चुंबन घेतलं. बार्सिलोनानं तो सामना ६-२ जिंकला. बचावपटूच्या खात्यावर फार थोडे गोल असतात. बार्सिलोनासाठी ५९३ सामन्यांत पुयोलचे अठराच. पण नेमकी वेळ साधणारे.

मैदानावरची त्याची शिस्त थोडी कडकच होती. एप्रिल २०१२ मध्ये रायो वायेकानोविरुद्ध बार्सिलोनानं ७-० असा जिंकलेल्या सामन्यात थियागो आणि दानी आल्वेस गोल केल्यावर नाचू लागले. पुयोल धावत गेला, दोघांना ओढून बाजूला केलं आणि खेळ सुरू करायला लावला. हरणाऱ्या संघासमोर नाचायचं नाही, इतकी सरळ समजूत. काहींना ते जुनाट वाटेल. पण संघाचं नाक कर्णधारालाच सांभाळावं लागतं, आणि पुयोलनं ते जिंकतानाही सांभाळलं, हे मला त्याच्या सगळ्या ट्रॉफींइतकं मोठं वाटतं.

स्वतःच्या दुःखाबद्दल तो फार बोलला नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये त्याचे वडील कामावर असताना अपघातात गेले. मे २००९ मध्ये रोमला, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात, दानी आल्वेस निलंबित होता. पुयोल कुरकुर न करता आपल्या जुन्या उजव्या जागेवर गेला आणि बार्सिलोनानं मँचेस्टर युनायटेडला २-० हरवलं. दोन वर्षांनी वेम्ब्लीवर पुन्हा तोच प्रतिस्पर्धी. दुखापतींमुळे पुयोल राखीव बाकावर होता आणि शेवटच्या दोन मिनिटांसाठी आत आला. चषक उचलायची वेळ आली तेव्हा त्यानं कर्णधाराची पट्टी एरिक आबिदालच्या दंडावर बांधली. मार्चमध्ये यकृतावरच्या गाठीची शस्त्रक्रिया झालेला आबिदाल त्या रात्री सगळा सामना खेळला होता. चषक त्यानंच उचलला.

राष्ट्रीय संघाची गोष्ट वेगळी. १९६४ च्या युरो चषकानंतर स्पेननं ४४ वर्षं काहीच जिंकलं नव्हतं. २००२ च्या विश्वचषकात दक्षिण कोरियाकडून पेनल्टींवर हार, २००६ मध्ये फ्रान्सकडून. पुयोल दोन्ही वेळा होता. काप्देविलाची जागा पक्की झाली ती नंतर. १७ नोव्हेंबर २००७ रोजी स्वीडनला ३-० हरवून स्पेननं युरोची पात्रता पक्की केली, त्यातला पहिला गोल त्याचा. २९ जून २००८ ला व्हिएन्नात जर्मनीविरुद्ध फेर्नांदो तोरेसनं एकमेव गोल केला. मागे रामोस, मार्चेना, पुयोल, काप्देविला ही फळी उभी होती.

मग दक्षिण आफ्रिका. १६ जून २०१० ला डर्बनच्या मोझेस माभिदा स्टेडियममध्ये स्पेन स्वित्झर्लंडकडून ०-१ हरला. पहिल्याच सामन्यात. जग म्हणालं, झालं, नेहमीचंच. तीन आठवड्यांनी, ७ जुलैला, त्याच मैदानावर उपांत्य सामन्यात समोर जर्मनी होती. जर्मनीनं इंग्लंडला चार आणि अर्जेंटिनालाही चार गोल मारले होते. सत्तर मिनिटं उलटली, गोल नाही. ७३ व्या मिनिटाला शावीनं डावीकडून कॉर्नर घेतला. पुयोल पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून पळत निघाला. सहकारी पिकेसुद्धा त्याच चेंडूकडे उडाला होता, पण पुयोल त्याच्याही वर होता. १ मीटर ७८ सेंटिमीटर उंचीचा हा माणूस उंचपुऱ्या जर्मन बचावफळीच्या डोक्यावरून चेंडूला भिडला, आणि चेंडू जाळ्यात. बेर्नाबेऊच्या त्या रात्रीचीच ही चाल. क्लबात घोटलेली, देशाच्या कामी आली. सामन्यानंतर राणी सोफिया अभिनंदन करायला खेळाडूंच्या खोलीत आल्या तेव्हा पुयोल नुकताच अंघोळ करून टॉवेल गुंडाळून उभा होता. त्या अवस्थेतच त्यानं त्यांचं स्वागत केलं.

११ जुलैच्या अंतिम सामन्यात जोहान्सबर्गला नेदरलँड्सचा आर्येन रॉबेन एकदा पुयोलला मागे टाकून निसटला. पुयोलनं त्याला धरलं, रॉबेन पडला नाही, गोलरक्षक कासियासनं पुढे झेपावून चेंडू घेतला आणि पंचांनी शिट्टी वाजवली नाही. शिट्टी वाजली असती तर त्या रात्रीचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता, हे मान्य करायला हवं. ११६ व्या मिनिटाला इनिएस्तानं गोल केला. त्या रात्री स्पेनच्या सुरुवातीच्या अकरांत सात बार्सिलोनाचे होते (नुकताच करारबद्ध झालेला दाविद व्हिया धरून) आणि तीन रेआल माद्रिदचे. उरलेला एकटा काप्देविला. दोन बलाढ्य क्लबांच्या मधोमध वियारेआलचा हा माणूस सातही सामन्यांत सुरुवातीपासून खेळला होता. पोर्तुगालविरुद्ध रिकार्दो कोश्तानं त्याला कोपर मारलं आणि लाल कार्ड घेतलं. काप्देविला उठला आणि पुढचा सामनाही खेळला.

यानंतर दोघांच्या वाटा पुन्हा फुटल्या. पुयोलचे गुडघे थकले. त्यांच्यापायी २०१२ चा युरो चषक हुकला. त्या वर्षी ऑक्टोबरात लिस्बनला बेन्फिकाविरुद्ध पडताना कोपर निखळलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये दोहाला उरुग्वेविरुद्ध तो शंभरावा आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. २ मार्च २०१४ ला आल्मेरियाविरुद्ध त्यानं गोल केला आणि दोनच दिवसांनी जाहीर केलं की मोसम संपताना आपण क्लब सोडतोय. करार २०१६ पर्यंत होता, पैसा मिळतच राहिला असता. पण शरीर साथ देत नसताना जागा अडवून ठेवायची नाही, असं त्यानं ठरवलं. सहा लीग, तीन चॅम्पियन्स लीग, आणि व्यावसायिक आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही क्लबची जर्सी नाही.

पुयोल घरी बसला त्याच वर्षी, छत्तिसाव्या वर्षी, काप्देविला भारतात आला.

२०१४ च्या ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग सुरू झाली. आठ संघ, त्यात ईशान्येचा नॉर्थईस्ट युनायटेड. बेन्फिकात एक फिका हंगाम आणि मग पुन्हा एस्पान्योल, असा प्रवास करून आलेला काप्देविला या संघाचा प्रमुख परदेशी खेळाडू होता. प्रशिक्षक होते न्यूझीलंडचे रिकी हर्बर्ट. २०१० च्या विश्वचषकात त्यांच्या संघानं तीनही सामने बरोबरीत सोडवले होते. संघाचं घर म्हणजे गुवाहाटीचं इंदिरा गांधी स्टेडियम. बाहेरचे सामने गोव्यातल्या फातोर्ड्याला, पुण्याच्या बालेवाडीला, नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावरही. विश्वविजेत्या अकरांतला एक जण असलेला संघ आपल्या मुलखात येऊन खेळून गेला, याची नोंद आपण फारशी ठेवली नाही. १३ ऑक्टोबरला नॉर्थईस्टनं केरळ ब्लास्टर्सला १-० हरवून घरच्या मैदानावर सुरुवात केली, पण मोसम संपला तेव्हा संघ आठव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर होता.

तरी स्पेनच्या खेळाडूंची ही वाट बुजली नाही. गोव्यात ती चांगलीच रुळली. एफसी गोवाकडे प्रशिक्षक म्हणून आलेला सेर्खिओ लोबेरा पूर्वी बार्सिलोनाच्या प्रशिक्षक ताफ्यात होता. एस्पान्योलचा जुना आघाडीपटू कोरोमिनास गोव्यासाठी लागोपाठ दोन मोसम लीगमधले सर्वाधिक गोल करून गेला. २०१८ साली आलेला बचावपटू कार्लोस पेन्या दोन मोसम फातोर्ड्यावर बचाव सांभाळून २०२० मध्ये निवृत्त झाला, आणि २०२२ मध्ये त्याच क्लबचा मुख्य प्रशिक्षक म्हणून परतला.

काप्देविला गुवाहाटीहून बेल्जियमच्या लिअर्समध्ये गेला आणि मग अंडोरात, सांता कोलोमा क्लबात. अंडोरा म्हणजे पिरेनीजच्या कुशीतला चिमुकला देश, ल्येइदा प्रांताच्या उत्तर सीमेला चिकटलेला. देशासाठी ६० सामने खेळलेला, विश्वविजेता डावा बचावपटू तिथल्या लहानशा मैदानांवर, मोजक्या प्रेक्षकांसमोर खेळला. तारेगाहून तिथं गाडीनं दोनेक तासांत पोचता येतं.